त्या गणपतीला मी का आले नाही

ये गो सुमे, अशी जवळ सरक. रुसून पाठ फिरवलीस म्हणून वाचायचं थोडंच सोडणार आहेस? तीन महिने झाले, मी फोन केला की तू न बोलता आयेच्या हातात देतेस. मागे तुझ्या बांगड्या वाजतात, त्या ऐकू येतात मला. अगो, सख्खी बहीण मी तुझी. एवढं तरी विचारायचंस, ताई, काय झालं गो? ते नाही. भर आरतीला, भावकीतल्या सगळ्या बायका जमलेल्या असताना म्हणालीस, "आमच्या ताईची नोकरी मोठी झाली, गणपती लहान झाला." मला कळायचं ते कळलंच. तू चार लोकांत बोललीस, म्हणून मीही चार लोकांतच उत्तर देते. आपल्या गावमंडळाची स्मरणिका निघते आहे. गाव सोडून आलेल्यांनी आठवणी लिहा म्हणाले. वनिताकाकू चौथी शिकलेली, ती काय लिहिणार, असं वाटलं असेल त्यांना. तर लिहिते. गावातले वाचतील, इकडे आलेले वाचतील, आणि त्यांच्या आडून तूही वाचशील.

निघाले तिथपासून सांगते. तिठ्यावर आपण एस.टी.ची वाट बघत उभ्या होतो. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि यांना वसईजवळ सातिवलीला प्लास्टिकच्या कारखान्यात काम लागलं होतं. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, आणि गोणपाटात बांधलेले उकडे तांदूळ. तू माझा पदर धरून उभी, नाकाला पाणी, डोळ्याला पाणी. आबांनी ट्रंक टपावर चढवली आणि "खिडकीतून हात बाहेर काढू नकोस" एवढंच म्हणाले. आये रडली नाही. गाडीचा आवाज आला तशी ती माझ्या कानाशी आली. "तिकडे कुणी आजारी पडलं तर बघायला जा. परक्या गावात माणसं अशीच जोडतात. आणि काय वाट्टेल ते होवो, गणपतीला ये." एवढ्या दोन गोष्टी. गाडी सुटली. वळणावर मी हात बाहेर काढलाच, पण तोवर तुम्ही दिसेनासे झाला होतात.

जूचंद्रला आम्ही एक खोली घेतली. मागे मिठागरं, पुढे रेल्वेची लाईन, आणि ओळखीचं कुणी नाही. पहिल्याच पावसाळ्यात मला मलेरिया झाला. हे कामावर, मी एकटी घोंगडीत कुडकुडत पडलेली. तर शेजारची म्हातारी, जिच्याशी मी अजून धड बोललेही नव्हते, पेजेचं भांडं घेऊन दारात उभी. "पानी गरम करून पी गो, मग ही पेज घे," म्हणाली आणि माझ्या उशाशी बसूनच राहिली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीतल्या बायका येऊन बघून गेल्या. त्या दिवसापासून जूचंद्र माझं झालं. आयेचं म्हणणं किती खरं, असं मला वाटलं, आणि पुढे सतरा वर्षं मी तेच करत आले. कोण पडलं, कुणाचं पोट दुखलं, की वनिता निघाली डबा घेऊन.

नंतर मला वसईच्या एका कॉलेजात, मुलींच्या हॉस्टेलवर काम मिळालं. स्वयंपाक, वाढप, थोडी देखरेख, आणि गरज पडली की रात्री तिथेच मुक्काम. वाचायला मी तिथेच शिकले म्हण ना. चौथीचं विसरून गेले होते सगळं. नोटीस बोर्डावर काही लागलं की मुली ओरडायच्या, "मावशी, वाचा बघू!" अडखळत वाचायचे, त्या हसायच्या, मीही हसायचे. पुढे पुढे भाजी बांधून आलेला पेपरसुद्धा सरळ करून वाचायला लागले. त्या मुली जव्हार, डहाणू, कुठून कुठून आलेल्या. त्यांना बघितलं की मला तिठ्यावरची तू आठवायचीस.

आता त्या ऑगस्टचं सांगते. टीव्हीवर स्वाइन फ्लू, स्वाइन फ्लू चाललेलं. पुण्यात माणसं गेली, दुकानातले मास्क संपले. लोक नाकाला रुमाल बांधून फिरायचे आणि रुमालात कापूर नि वेलदोडा. मीसुद्धा बांधला होता, खोटं कशाला बोलू. पण मनातून वाटायचं, ताप तर ताप, त्यात काय एवढं? आपण काय ताप बघितले नाहीत?

आमची कविता म्हणून एक मुलगी पुण्याला मामाकडे जाऊन आली. आली तीच अंगात कणकण घेऊन. पण तिने कुणाला सांगितलं नाही, कारण कॉलेजात हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि तिची आधीच कमी होती. गोळी घ्यायची, ताप उतरला की वर्गात जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी जेवायला आली नाही म्हणून मी खोलीत गेले तर अंग नुसतं विस्तव. आणि मग सुमे, मी काय केलं ते ऐक. मी मुलींना हाका मारल्या. म्हटलं, तुमची मैत्रीण तापाने फणफणली आहे आणि तुम्ही आपापल्या खोल्यांत पुस्तकं उघडून बसता? माणुसकी आहे की नाही? एकेकीला धरून आणली बघायला. जुई नावाची एक मुलगी जरा मागे मागे राहत होती, तिला तर मी चांगली टोचली, "तू गो, दारातनं काय बघतेस? बस तिच्या उशाशी." लाजेने बिचारी बसली. दोन तास कपाळावर पट्ट्या बदलत बसली. ती मागे का राहत होती हे मला नंतर कळलं. तिला लहानपणापासून दमा होता. बॅगेत पंप असायचा तिच्या.

आमच्या रेक्टर सिल्व्हिया मॅडम त्या दिवशी मीटिंगला गेल्या होत्या. तरुण पोर, इथल्याच गास गावची, कॉलेजात जंतूंचंच शास्त्र शिकवणारी. रात्री आल्या आणि खोलीत दाटलेली गर्दी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. ओरडल्या नाहीत. "मावशी, सगळ्यांना बाहेर काढा. आणि खिडक्या उघडा," एवढंच. मला त्यांचा रागच आला. आजारी पोरीला एकटी टाकायची, ही कुठली रीत?

तीन दिवसांत सात मुली तापल्या. चौथ्या दिवशी सकाळी जुईला धाप लागली. पंप घेतला, पुन्हा घेतला, ओठ निळसर व्हायला लागले. मॅडमनी रिक्षा बोलावली आणि स्वतः मांडीवर धरून तिला दवाखान्यात नेली. मी दारात उभी. जाताना त्या पोरीने माझ्याकडे बघितलं. तक्रार नव्हती गो त्या डोळ्यांत, नुसती भीती होती. मी तिच्या खोलीत गेले, तिची गादी झटकली, उशी नीट केली, आणि हाताला चाळा म्हणून कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला जेवणघरात बोलावलं. पंधरा ऑगस्टच्या रांगोळीसाठी मी जूचंद्रहून रंग आणून ठेवले होते, ती रांगोळी रद्द झालेली. मॅडमनी गुलाबी रंगाची पुडी उघडली. "मावशी, हात द्या." माझ्या तळव्याला खोबरेल लावलं, वर रंग चोळला. "आता हात न धुता अर्धा तास रोजचं काम करा." मला वाटलं पोरखेळ आहे. पण केलं. पाव मोजले, चहा गाळला, कविताच्या खोलीबाहेर पाणी ठेवलं, जुईच्या खोलीत जाऊन चादर घडी केली. अर्ध्या तासाने बऱ्या असलेल्या मुली दोन-दोन हात अंतर ठेवून उभ्या केल्या, आणि मॅडम म्हणाल्या, शोधा कुठे कुठे रंग दिसतो ते.

आधी सगळ्या हसत होत्या. "मावशी, तुमच्या नाकावर!" "मावशी, कानावर!" मग एकीला पाण्याच्या पिंपावरच्या पेल्याला रंग दिसला, ज्या एकाच पेल्याने सगळ्या पाणी पितात. मग नळाला, कडीला, जिन्याच्या कठड्याला, पावांच्या टोपलीला. हसणं बंद होत गेलं. शेवटी आम्ही जुईच्या खोलीत गेलो. तिच्या पांढऱ्या उशीवर माझी पाच बोटं उठली होती.

मी तिथेच खाली बसले. सुमे, आजवर मी देवळात हात जोडले, समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा हात जोडले, पण त्या दिवशी अंगावर जो काटा आला तो वेगळाच. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी माझ्या हातांवर बसून घरभर हिंडत होतं, आणि मी त्याला मायेने एकेकीच्या उशाशी नेऊन सोडत होते. मॅडम माझ्यासमोर दोन हातांवर बसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला दोष द्यायला नाही केलं हे. माझे हात रंगवले असते तरी हेच झालं असतं." मोठ्या मनाची बाई. पण उशीवर बोटं माझी होती.

आणि मग पुढचे दिवस मी जे बघितलं त्याचं मला अजून नवल वाटतं. प्रिन्सिपॉल सर स्वतः बोर्डावर नोटीस लावून गेले की ताप असताना घरी राहील त्या मुलीची हजेरी कापली जाणार नाही, डॉक्टरची चिठ्ठीही मागणार नाही. त्या एका कागदाने काय जादू केली! दोन मुली आपणहून पुढे आल्या, आम्हालाही कालपासून कणकण आहे म्हणून. औषधाच्या कपाटाने जे झालं नसतं ते त्या कागदाने झालं. पुढे कॉलेज आठवडाभर बंद झालं. ज्या ठणठणीत होत्या त्या घरी गेल्या. ज्यांना ताप होता, किंवा ज्या तापलेल्यांजवळ वावरल्या होत्या, त्या थांबल्या. कॅरमची खोली रिकामी करून तिथे आजारी मुलींच्या खाटा टाकल्या, लांब लांब, खिडक्या सताड उघड्या. पाऊस आत आला तरी चालेल म्हणाल्या मॅडम. पिंपावरचा पेला गेला. प्रत्येकीचा आपला पेला, आणि त्यावर नेलपॉलिशने नाव. प्रत्येक नळाला जाळीच्या पिशवीत साबण टांगला. शिंक आली तर हातात नाही, कोपरात शिंकायचं. आजाऱ्यांना ताट द्यायला ठरलेल्या दोनच मुली. दारापाशी स्टूल, त्यावर ताट ठेवायचं, दोनदा कडी वाजवायची आणि मागे सरायचं. काल-परवापर्यंत चप्पल जागेवर न ठेवणाऱ्या पोरी, आणि देवळातल्या पुजाऱ्यासारख्या नेमाने सगळं करत होत्या.

मग मलाच ताप भरला. जायचाच होता कुठे? माझ्यासाठी वरची सामानाची खोली मोकळी केली. डॉक्टर येऊन गेले, गोळ्या दिल्या, म्हणाले, सात दिवस खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, ताप उतरला तरी. दहा वर्षं मी मुलींना वाढत आले, आता मुली माझ्या दाराबाहेर ताट ठेवून ओरडायच्या, "मावशी, आज आमटीत मीठ जास्त आहे, बोलायचं नाही!" मी आतून ओरडायचे, "डाळ शिजली नाही ते आधी बघ गो!" दार बंद आणि दोन्हीकडून हसू. उशाशी कुणी नाही, कपाळावर हात नाही. तरी एवढी राखण माझी आयुष्यात कुणी केली नव्हती. हे मला समजायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी मी उठून बसले आणि हिशोब केला. माझ्या पर्समध्ये गावच्या गाडीचं तिकीट होतं, दुसऱ्या दिवशीचं. चतुर्थी तोंडावर. अंगात ताप नाही, थोडा खोकला, तो काय कुणालाही असतो. मॅडम मला बांधून थोड्याच ठेवणार होत्या? सतरा वर्षांत एकही गणपती चुकवला नव्हता मी. आयेचा आवाज कानात सुरू झाला, काय वाट्टेल ते होवो. खरं सांगते, मी पिशवी भरायला घेतली. तुझ्यासाठी घेतलेली हिरवी साडी तळाला घातली.

तेवढ्यात खाली फाटकापाशी स्कूटर वाजली. खिडकीतून बघते तर सिल्व्हिया मॅडमची आई. गासहून आलेली, मागे केळीचा घड आणि भाजीची पिशवी बांधलेली. मॅडमचं घर इथून स्कूटरने पंधरा मिनिटांवर, पण पोरगी आली नव्हती घरी. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सालाही गेली नव्हती. घरात तिची नव्वदीची आजी. आईने पिशवी फाटकाच्या आत ठेवली आणि स्वतः मागे जाऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मग मॅडम पायरीवरून उतरल्या, पिशवी उचलली, परत पायरीवर. आणि मग दोघी मायलेकी मधे एवढं मोठं मैदान ठेवून बोलायला लागल्या, त्यांच्या घरच्या बोलीत, मोठ्या मोठ्याने. मला निम्मं कळत नव्हतं. आई काहीतरी रागावली, मॅडम हसल्या, मग आईही हसली. रिमझिम पाऊस होता, दोघींपैकी एकही छत्री उघडायला तयार नाही. बराच वेळ बोलल्या. जाताना आईने लांबूनच हवेत क्रूस केला, लेकीच्या कपाळावर केल्यासारखा, आणि स्कूटर वळवली.

मी खिडकीला धरून उभीच राहिले. एवढी माया, आणि मधलं मैदान दोघींपैकी एकीनेही ओलांडलं नाही. असं काही मी कधी बघितलं नव्हतं. आपल्याकडे माया म्हणजे जाऊन पोचणं. आणि मला आपली आये दिसली, थंडीत उशाला दोन गोधड्या लावून बसल्या बसल्या झोपणारी, छातीतून बासरीसारखा आवाज येणारी. गणपतीत मी आले असते, तिच्या कुशीत शिरले असते, मोदक वळले असते, तिचा हात हातात घेतला असता. या हातांनी. मी पिशवी उपसली. हिरवी साडी बाजूला ठेवली. तिकीट फाडलं नाही, नुसतं उलटं करून ठेवलं. ते बघवत नव्हतं.

हे फाटकाशी आले तेव्हा मी वरून सांगितलं, मी येत नाही, गावी कळवा. तर म्हणतात कसे, "खरं कारण सांगायचं नाही. साथीचं नाव काढलं तर आयेच्या दारात आरतीला कुणी फिरकणार नाही." मलाही ते पटलं. म्हणून त्यांनी फोनवर सांगितलं, वनिताला रजा नाही. तेच तुझ्या कानावर गेलं. आयेने काय म्हटलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "नुसतं 'बरं' म्हणाली." ते एक 'बरं' मला सात दिवस पुरलं. चतुर्थीला सकाळी मुलींनी खाली आरती म्हटली, तोंडाला मास्क लावून, लांब लांब उभं राहून. मी खिडकीत हात जोडले आणि देवाला सांगितलं, यंदा दोन माणसं सांभाळ, तिकडे आये आणि दवाखान्यात जुई.

नंतर तरी खरं का सांगितलं नाहीस, असं तू विचारशील. लाज वाटत होती गो. आजारपणाची नाही, त्या उशीची. जुईचं नीट कळेपर्यंत मला ते तोंडातून काढवेना, आणि नंतर तू फोनवर येईनास.

जुई गौरी गेल्यावर परत आली. अर्धी झाली होती, पण आपल्या पायांनी जिना चढली. मी तिच्यासमोर हात जोडायला गेले, तर तिने माझे हात खाली केले. म्हटलं, "माझ्यामुळे झालं गो तुझं. मी बळेबळे बसवलं तुला." पोरगी म्हणते कशी, "मावशी, तिकडे वॉर्डात बघायला कुणालाच सोडत नव्हते. लहानपणापासून आजारी पडले की घर पाहुण्यांनी भरतं. पहिल्यांदा आजारपणात शांत झोपले!" आणि हसली. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "पण दुसऱ्या दिवशी तुमचा डबा आठवला."

तेव्हापासून मी पुष्कळ विचार करते. इकडे आले तेव्हा घर म्हणजे ते, जिथे न विचारता आत जाता येतं, असं मला वाटायचं. गावी आपलं दार दिवसा कधी लागलं नाही. इकडे प्रत्येक दाराला आतून कडी, तिचा मला राग यायचा. आता येत नाही. कडीच्या अलीकडून मला माणसं दिसली आहेत. माझं घर गावी आहे आणि इथेही आहे, आणि दोन्हीकडे जाण्याइतकंच कधी कधी थांबायचं असतं, एवढं मला या वयात कळलं. तू आयेजवळ राहतेस, रात्री तिची छाती भरली की तूच उठतेस, आणि मी लांबून फोन करते. तुझा राग खोटा नाही. पण नोकरी मोठी झाली म्हणून नाही थांबले मी. आयेपायी थांबले. बास, एवढंच सांगायचं होतं, त्याला किती पानं लागली बघ.

आता रुसवा सोड. तू अजून माझं घर बघितलेलं नाहीस. आता आम्ही दोन खोल्यांत आहोत, गॅलरीत मोगरा लावलाय. थंडी सरली, आयेला प्रवास झेपेलसं वाटलं, की तिला घेऊन ये. नालासोपाऱ्याची गाडी पकड, हे न्यायला येतील. सिल्व्हिया मॅडमनी वाडीवर जेवायला बोलावलंय, जुईला तुला बघायचंय. महिनाभर राहायच्या बोलीने ये. फक्त निघायच्या दिवशी तुम्हा दोघींपैकी कुणाला शिंक-खोकला असेल, तर तिकीट बदल, चार दिवस थांब आणि मग ये. मी वाट बघेन, पण ये गो.